कॉम्प्युटर म्हणजे काय रे भाऊ?

जत्रेत मिळायचा तो 'ब्रिक गेम' आठवतोय का? वर ९९९९ गेम असल्याची बढाई, आणि आत फिरून फिरून तेच, वरून पडणारे ठोकळे. टेट्रिस हो! ह्या खेळाला खरं खिशात आणलं ते निन्टेंडोच्या गेमबॉयने, १९८९ साली. पण तो गेमबॉयवर पोचला कसा, ही गोष्ट कोडची कमी आणि कागदपत्रांची जास्त आहे. रोज स्कोप डॉक्युमेंटवरून डोकेफोड करणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर ती वाचायलाच हवी.

तर, मॉस्को, १९८४. सोविएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव नावाचा प्रोग्रामर काम करत होता. त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० ह्या मशीनला ग्राफिक्स नव्हतेच, म्हणून गड्याने ठोकळे चक्क कंसांची चिन्हं वापरून काढले. चार चौकोनांचे सात आकार, ओळ भरली की गायब. पुढे वादिम गेरासिमोव ह्या शाळकरी पोराने तो आयबीएम पीसीवर आणला आणि फ्लॉपीवरून खेळ सुटला तो सुटलाच. पैसे? त्याचा प्रश्नच नव्हता. पाजित्नोवने हक्क दहा वर्षांसाठी सरकारकडे सोपवले.

१९८६ मध्ये लंडनच्या रॉबर्ट स्टाइनने हा खेळ हंगेरीत पाहिला आणि मॉस्कोला टेलेक्स केला. पाजित्नोवचं उत्तर साधारण 'चालेल, बोलू या' अशा थाटाचं. स्टाइनने तेच पक्कं धरलं आणि सही व्हायच्या आधीच हक्क पुढे विकले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मग स्टाइनकडून रॉबर्ट मॅक्सवेलच्या मिररसॉफ्टकडे, तिथून अटारी गेम्सकडे, तिथून जपानसाठी हेंक रॉजर्सकडे... सातबारा न बघता जमीन हातोहात विकत जावी तसा प्रकार!

रॉजर्स मात्र वेगळं पाणी होतं. निन्टेंडो गेमबॉय बाजारात आणतेय हे त्याला ठाऊक होतं. त्याने निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाला, मिनोरू अराकावाला पटवलं, की सोबत मारिओ दिलात तर पोरं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. पण त्यासाठी हातात धरायच्या यंत्राचे हक्क हवेत, आणि स्टाइनकडून ते येईनात. शेवटी फेब्रुवारी १९८९ मध्ये हा बाबा टुरिस्ट व्हिसावर मॉस्कोत उतरला आणि बिनबोलावता 'इलोर्ग' ह्या सरकारी कचेरीत जाऊन धडकला. तिथे निकोलाय बेलिकोव बसले होते.

रॉजर्सने कौतुकाने जपानमध्ये विकलेलं आपलं फॅमिकॉमचं कार्ट्रिज दाखवलं. बेलिकोव उडालेच. "हे हक्क आम्ही कुणालाच दिले नाहीत!" रॉजर्सच्या पायाखालची जमीन सरकली असणार, पण त्याने वाद न घालता झालेल्या विक्रीचे पैसे द्यायची तयारी दाखवली. मला इथे तो माणूस आवडतो.

त्याच आठवड्यात स्टाइन आणि मॅक्सवेलचा मुलगा केविन हेही मॉस्कोत होते. बेलिकोव तिघांना वेगवेगळे भेटले. केविनसमोर तेच कार्ट्रिज ठेवलं तर तो म्हणाला, हे बनावट असणार. म्हणजे आपल्याच कंपनीने पुढे काय विकलंय हे साहेबांना माहीत नाही! आणि स्टाइनसमोर ठेवली कराराची दुरुस्ती. त्यात उशिरा पैसे दिल्याबद्दल दंडाची कलमं होती. स्टाइनने घासाघीस केली ती त्यांच्यावरच. शिवाय एक निरुपद्रवी वाटणारी व्याख्या होती: कॉम्प्युटर म्हणजे ज्याला प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम आहे असं यंत्र. स्टाइनने सही केली. संपलं! त्या एका ओळीने टीव्हीला जोडायचे गेम आणि गेमबॉय, दोन्ही त्याच्या हक्कांबाहेर गेले. बेलिकोव प्रोग्रामर नव्हते, पण इतकी नेमकी रिक्वायरमेंट मी आजवर एकाही क्लायंटकडून पाहिलेली नाही.

गेमबॉयचे हक्क रॉजर्सला मिळाले, टीव्हीवाल्या गेमचे मार्चमध्ये निन्टेंडोला. अटारी गेम्सवाले कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा म्हणजे निन्टेंडोचं मशीन कॉम्प्युटरच आहे, जपानमध्ये त्याचं नावच फॅमिली कॉम्प्युटर आहे आणि त्याला कीबोर्डही मिळतो. ऐकायला खोटं नाही! पण जून १९८९ मध्ये कोर्टाने निन्टेंडोच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि अटारीच्या 'टेंजेन' छापाची कार्ट्रिजं दुकानांतून उचलावी लागली.

अमेरिकेत जुलैअखेर गेमबॉय आला तो टेट्रिस सोबत घेऊनच. १६० बाय १४४ चा हिरवट पडदा, चार छटा, चार पेन्सिल सेल. पडदा इतका अंधुक, की वेगाने पळणारं चित्र पुसट व्हायचं. ठोकळ्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ते आपले एकेक घर खाली येत. केबल लावून दोघांना खेळता येई. आणि ते रशियन लोकगीताचं संगीत... एकदा डोक्यात बसलं की दिवसभर जात नाही. साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या.

पाजित्नोवला त्यातला एक रूबलही मिळाला नाही. १९९१ मध्ये तो अमेरिकेत गेला. दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १९९६ मध्ये त्याने कंपनी काढली आणि तेव्हा कुठे रॉयल्टी सुरू झाली. भागीदार कोण? तोच, टुरिस्ट व्हिसावाला रॉजर्स.