रोटरी इंजिनाची जुनी माझदा पेट्रोल फार पिते? अ‍ॅव्हरेज सुधारायचं ते असं, पण या तीन ‘बचती’ टाळा

माझदा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती स्वराज माझदाची मिनीबस, नाहीतर मालाचा टेम्पो. पण याच जपानी कंपनीने जगाला आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या स्पोर्ट्स कार दिल्या. या गाड्यांच्या इंजिनात पिस्टनच नसतो. भारतात त्या अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत. मात्र इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखाती देश इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या आजही मिळतात. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या गाडीवेड्या मुलांची नजर त्यांच्यावर पडतेच, कारण दिसायला देखण्या आणि किमतीला, विशेषतः आरएक्स-८, परवडणाऱ्या.

गाडी घरी आली की पहिली तक्रार एकच असते: अ‍ॅव्हरेज देत नाही. मग इंटरनेटवरचे उपाय सुरू होतात, आणि त्यातल्या काही उपायांनी इंजिनच बसतं. म्हणून नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते इथे एकत्र दिलं आहे.

हे इंजिन पेट्रोल जास्त का पितं?

साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरी म्हणजेच वांकेल इंजिनात समोशासारखा तिकोनी, पण बाजू फुगीर असलेला रोटर गोल फिरतो. तो ज्या घरात फिरतो, ते हाउसिंग दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखं मध्ये किंचित आवळलेलं असतं. रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. हवा-पेट्रोल घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं प्रत्येक कप्प्यात आळीपाळीने होतात. रोटरच्या एका फेरीत मधला शाफ्ट तीन वेळा फिरतो.

या रचनेत सुटे भाग कमी, थरथर कमी आणि आकाराच्या मानाने ताकद भरपूर. पण पेट्रोलच्या बाबतीत तीन अडचणी जन्मापासूनच आहेत.

१) पेट्रोल जळतं ती जागा लांबट आणि चपटी असते. तिला धातूचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णतेचा बराच भाग भिंतींत जातो. टोकाकडचं थोडं मिश्रण न जळताच धुराबरोबर निघून जातं.

२) रोटरच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील नावाच्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात गळतो.

३) जुन्या मॉडेलांत धूर जाण्याचं आणि हवा येण्याचं तोंड काही क्षण एकदम उघडं राहतं. त्यामुळे जळलेला वायू नव्या मिश्रणात मिसळतो, आणि कमी वेगाला इंजिन नीट चालवायचं तर पेट्रोल वाढवावं लागतं.

याच दोषामुळे कंपनी अडचणीत आली होती

जर्मनीचे फेलिक्स वांकेल आणि एनएसयू कंपनी यांनी हे इंजिन पुढे आणलं. माझदाची पहिली रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट १९६७ साली आली. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांनी त्यासाठी काम केलं होतं. १९७३ चं तेल संकट आलं तेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या चाचणीत माझदाच्या रोटरी गाड्या शहरात गॅलनला जेमतेम १०-११ मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेचार किलोमीटर देताना दिसल्या. तिथला खप कोसळला आणि कंपनी आर्थिक संकटात सापडली.

मग माझदाने ‘फिनिक्स’ नावाची मोहीम हाती घेतली. लक्ष्य होतं पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांनी सुधारण्याचं. त्यातूनच सावरत १९७८ मध्ये आरएक्स-७ बाजारात आली. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये धुराचं तोंड हाउसिंगच्या परिघावरून काढून बाजूच्या प्लेटमध्ये नेलं, आणि वर सांगितलेली तिसरी अडचण जवळपास मिटली.

ही सगळी सुधारणा कारखान्यात, नवीन डिझाइन करून झाली, हे लक्षात ठेवायला हवं. घरच्या गॅरेजमध्ये डिझाइन बदलत नाही. आपल्या हातात असतं ते जुन्या गाडीचं घसरलेलं अ‍ॅव्हरेज मूळ जागेवर आणणं.

किती अपेक्षा ठेवायची?

अमेरिकेच्या सरकारी आकड्यांनुसार मॅन्युअल गिअरची आरएक्स-८ शहरात १६ आणि हायवेवर २२ मैल प्रति गॅलन देते. आपल्या हिशेबात शहरात लिटरला ७ च्या आत, हायवेवर ९ ते साडेनऊ किलोमीटर. चांगल्या गाडीचा मिश्र आकडा साडेसातच्या आसपास येतो.

आता हा हिशेब बघा. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ६ देत असेल तर तिला सुमारे १,६६७ लिटर पेट्रोल लागतं. तीच साडेसातवर आली तर १,३३३ लिटर. म्हणजे ३३३ लिटर वाचले. पण साडेसातची गाडी ओढूनताणून ८ वर नेली तर वाचतात फक्त ८३ लिटर. मोठी बचत बिघाड काढण्यात आहे. चांगल्या गाडीवर आणखी प्रयोग करून हाताला फार काही लागत नाही.

आधी मोजा, मग पाना उचला

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते बघा. असं निदान तीन वेळा करून सरासरी काढा. आधीच्या मालकाने टायरचा साइज बदलला असेल तर किलोमीटरचा आकडाही चुकीचा येतो, तो जीपीएसवर ताडून घ्या.

टायरमधली हवा, व्हील अलाइनमेंट आणि चिकटणारे ब्रेक याच वेळी बघून घ्यावेत. वीस वर्षांच्या गाडीत ब्रेक कॅलिपर अर्धवट धरून ठेवतो आणि मालक इंजिनाला दोष देत बसतो. थोडं चालवून झाल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं, की तिथे गडबड आहे असं समजा.

कॉम्प्रेशन टेस्ट: यावर सगळं अवलंबून

सील झिजलेले असतील तर बाकीचा सगळा खर्च वाया. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्यात आधी. ती रोटरीसाठीच्या खास मीटरवर करून घ्या. साधा मीटर तिन्ही कप्प्यांतला फक्त सगळ्यात जास्त दाब धरून ठेवतो, त्यामुळे एक कप्पा मेलेला असला तरी आकडा चांगला दिसतो.

आरएक्स-८ साठी कंपनीची मर्यादा अशी: शाफ्टच्या २५० आरपीएमला प्रमाण दाब ८३० किलोपास्कल, किमान ६८०. एकाच रोटरच्या कप्प्यांमध्ये १५० पेक्षा जास्त फरक नको. गाडी थंड असताना सुरू होते पण गरम झाल्यावर बंद केली की लवकर उचलत नाही, हे दाब कमी झाल्याचं जुनं लक्षण.

आपल्याकडे इंजिन बसलं की बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. रोटरीत तशी सोय नाही. हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या थराला चरे पडले तर हाउसिंगच बदलावं लागतं, आणि खर्च कधी कधी गाडीच्या किमतीवर जातो. ही टेस्ट गाडी विकत घेण्याआधी करावी, ती यासाठीच.

प्लग आणि कॉइल: सगळ्यात जास्त फायदा इथे

प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. मुख्य काम लीडिंगचं, ट्रेलिंग उरलेलं मिश्रण जाळायला मदत करतो. गंमत अशी की ट्रेलिंग प्लग किंवा त्याची कॉइल गेली तरी गाडी चालत राहते. ओढ थोडी कमी होते आणि पेट्रोल मात्र वाढतं. चालवणाऱ्याला वाटतं, ‘रोटरी आहे, पिणारच’.

आरएक्स-८ च्या इग्निशन कॉइल लवकर थकतात, हे तिच्या मालकांना ठाऊक आहे. चारही कॉइल, वायर आणि प्लग एकत्र बदलणं चांगलं. आरएक्स-८ चे लीडिंग आणि ट्रेलिंग प्लग वेगळे येतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. गाडी मिसिंग करत असेल तर तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळून तुंबतो. मग अ‍ॅव्हरेज आणखी खाली.

इंजिन स्वतःला थंड समजत नाही ना?

थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिलं जातं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही. पाण्याचा तापमान सेन्सर खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं. दोन्ही वेळा पेट्रोल वाढतं, आणि दोन्ही भाग तुलनेने स्वस्त आहेत. कार्बोरेटरच्या पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये चोक पूर्ण मागे जातो का आणि फ्लोटची पातळी बरोबर आहे का, हे बघायचं.

त्यानंतर एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि गळके इंजेक्टर या क्रमाने जा. हवेच्या पाइपांना वयाने चिरा पडतात, त्याही हाताने चाचपून बघा.

चालवण्याची पद्धत

• दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या या गाडीला सगळ्यात महाग पडतात. इंजिन तापण्याआधीच काम संपतं. चार कामं एका फेरीत करा.

• गाडी फक्त पार्किंगमध्ये पुढे-मागे करायला सुरू करून लगेच बंद करू नका. आत पेट्रोल साठून प्लग ओले होतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही.

• फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर किंवा सिग्नलकडे जाताना न्यूट्रल करू नका. गिअरमध्येच पाय उचला, त्या वेळात इंजेक्टर बंद राहतात.

• हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० ऐवजी १०० ने गेलात तर फरक टाकीत दिसतो.

• वरच्या गिअरमध्ये, अगदी कमी आरपीएमला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी रेटू नका. हलक्या पायाने चालवा, पण इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून वरच्या आरपीएमपर्यंत जाऊ द्या. त्याने साठलेला कार्बन निघायला मदत होते.

या तीन ‘बचती’ महागात पडतात

पहिली: ऑइल वाचवणं. हे इंजिन एपेक्स सीलना वंगण म्हणून थोडं इंजिन ऑइल मुद्दाम जाळतं, त्यासाठी वेगळा मीटरिंग पंप असतो. ‘ऑइल खाते’ म्हणून तो पंप बंद केला तर सील कोरडे घासतात. उलट दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघावी. काही जण पंप चालू ठेवूनही लिटरमागे ४-५ मिली टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये टाकतात. यझदी किंवा आरएक्स-१०० चालवलेल्यांना ही सवय नवीन नाही. त्याने सीलचं आयुष्य सांभाळलं जातं, अ‍ॅव्हरेज वाढत नाही.

दुसरी: मिश्रण पातळ करणं. ट्यूनिंग करून पेट्रोल कमी करता येतं, पण ते फक्त हायवेवरच्या हलक्या, एकसारख्या वेगात, आणि तेही धुरातलं प्रमाण मोजणारा वाइडबँड मीटर लावून जाणकाराने करायचं काम आहे. टर्बोच्या आरएक्स-७ मध्ये बूस्टवर मिश्रण पातळ झालं तर नॉकिंग होतं आणि सील तुटायला क्षणभर पुरतो.

तिसरी: स्वस्त पेट्रोल. टर्बो आरएक्स-७ ला जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल हवं, कारण वरचाच, नॉकिंगचा. आरएक्स-८ लाही कंपनीने प्रीमियम सुचवलं आहे. जुन्या बिनटर्बो आरएक्स-७ ला मात्र साधं पेट्रोल चालतं, तिथे प्रीमियम टाकून काही मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते पाळा.

पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका.

विचारले जाणारे दोन प्रश्न

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर अ‍ॅव्हरेज वाढेल का?
तुंबलेला असेल तर बदलल्याने फरक पडेल. चांगला काढून टाकून अ‍ॅव्हरेजमध्ये दिसण्यासारखी वाढ होत नाही, आणि बहुतेक देशांत अशी गाडी रस्त्याच्या तपासणीत नापास होते.

रोजच्या ऑफिससाठी ही गाडी घ्यावी का?
रोजचं अंतर कमी आणि ट्रॅफिकचं असेल तर नको. इंजिन तापून मोकळ्या रस्त्याने जाणार असेल आणि कॉम्प्रेशनचा कागद हातात असेल तर विचार करा. घेताना पेट्रोलच्या खर्चासोबत इंजिन दुरुस्तीसाठीही रक्कम बाजूला ठेवा. खुद्द माझदाने २०२३ मध्ये रोटरी परत आणली ती एमएक्स-३० आर-ईव्ही मध्ये, आणि तिथे हे इंजिन चाकं फिरवत नाही, फक्त वीज तयार करतं.