तळटीप १४ : ‘पंचविसांची गणपूर्ती’

१४. पंचविसांची गणपूर्ती : संस्थेने विंडोज प्रणालीचा ठोक परवाना घेतला असता प्रत्येक संगणकाने मायक्रोसॉफ्टकडे स्वतंत्र अर्ज न करता संस्थेच्याच एका सर्व्हरकडून, ज्यास ‘केएमएस’ म्हणतात, मंजुरी घ्यावयाची असते, परंतु विंडोज व्हिस्टापासून रूढ झालेल्या या पद्धतीत निदान २५ यंत्रांची विचारणा दप्तरी नोंदल्यावाचून हा सर्व्हर एकाही संगणकास मंजुरी देत नाही, आणि दिलेली मंजुरी, दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न होत असला तरी, तो सफल न झाल्यास १८० दिवसांनी संपुष्टात येते. एकाच डिस्कच्या नकलेवरून उभारलेली यंत्रे, ओळखक्रमांक न पालटल्यास, एकच गणली जातात. कचेरीत ३० संगणक असूनही लेखकाची गणपूर्ती का होईना, याचे उत्तर बहुधा येथेच असावे. आंग्र्यांच्या अमदानीत कुलाब्याच्या दर्यात दस्तकावाचून फिरणारे गलबत अडविले जाई. येथे मात्र मुदत सरलेला संगणक अडत नाही, पडद्याच्या कोपऱ्यात तगादा लावतो. मुरूड-श्रीवर्धनसारख्या ठिकाणच्या दोनचार यंत्रांच्या शाखा मुख्य सर्व्हरशी जोडलेल्या नसल्यास त्यांस ‘एमएके’ किल्ली सोयीची, कारण तिची नोंद मायक्रोसॉफ्टकडे प्रत्येक यंत्रामागे एकदाच करावी लागते.