ब्रिग्ज यांचे तळघर आणि आमची ध्वनिपेटी

सेवानिवृत्तीनंतर मी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या स्पीकरची जोडी घरीच करावयास घेतली. सुतारकामाचा अनुभव शून्य. निमित्त होते दिवंगत आईच्या ओव्यांची जुनी कॅसेट. इंदुरात आयुष्य गेलेल्या आईची माळवी वळणाची मराठी आता त्या फितीतच उरली आहे. पण पहिल्या जोडीवर तिचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमू लागला. असे का व्हावे, हे शोधताना जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली तारेच्या वेटोळ्याने कागदी शंकू हलविणाऱ्या स्पीकरची रचना प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच कुळातले. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणून पेटी हवी. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी पेटीला मोजून झरोका ठेवला आणि मागची लहरही खर्जाच्या कामी आणली. त्यांना १९३२ साली पेटंट मिळाले.

त्याच वर्षी इंग्लंडमधील इल्कली गावी गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी घराच्या तळघरात स्पीकर बनविण्यास आरंभ केला. चाळिशी उलटलेले हे गृहस्थ कापडाच्या व्यापारातले. अभियंते नव्हेत, पियानोचे वेडे. वॉर्फ नदीच्या खोऱ्यावरून त्यांनी उद्योगाचे नाव 'वॉर्फडेल' ठेवले. १९४८ साली त्यांनी हौशी माणसाला समजेल अशा भाषेत स्पीकरवर पुस्तक लिहिले. धंद्यातील विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. दोन फळ्यांच्या पोकळीत कोरडी वाळू भरण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. फळीचे कंपन वाळूच्या कणांत जिरून जाते.

पेटीचे माप मात्र पुष्कळसे अंदाजानेच ठरे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली त्याचे गणित मांडले. दहा वर्षांनी, १९७१ साली, ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. आज नवशिक्याही त्याच आधारे पेटीचे आकारमान काढतो.

मीही ते काढले होते. चूक गणितात नव्हती. फळ्या पातळ होत्या आणि आतून आधार नव्हता. आईबरोबर पेटीही गात होती! दुसऱ्या खेपेस जाड प्लायवूड घेतले, आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाठीला दुहेरी फळी लावून मध्ये चाळलेली, वाळविलेली वाळू भरली. पेटी उचलावयास आता दोघे लागतात.

त्या संध्याकाळी कॅसेट लावली. घुमारा गेला होता. दोन ओव्यांच्या मध्ये आई घेत असलेला श्वासही ऐकू आला. ब्रिग्ज यांनी आपली विद्या तळघरातच ठेवली असती, तर तो माझ्यापर्यंत पोहोचला नसता. आपल्या घरोघरी अशा फिती पडून आहेत. त्या विरण्यापूर्वी ऐकून घ्याव्यात, एवढीच विनंती.