कीर्ति आणि दर्शन : ताजमहालाच्या निमित्तानें

ज्या स्थळांची कीर्ति आपल्या आधीं सर्व जगांत हिंडून आलेली असते, त्यांचें दर्शन घेणें हें एका अर्थीं जोखमीचें काम आहे. घरीं बसून चित्रें पाहतां पाहतां आणि वर्णनें वाचतां वाचतां मनांत एक मूर्ति आकार घेत असते. तिच्यासमोर गर्दी नसते, तिला धुकें झांकीत नाहीं, आणि तिच्यासाठीं उन्हांत तिष्ठत उभें राहावें लागत नाहीं. पुढें प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांपुढें आलें म्हणजे त्याला या मूर्तीशीं सामना द्यावा लागतो. आणि ‘एवढेंच काय तें?’ हा उद्गार पुष्कळांच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरतो. कोणी कीर्तीच्या धाकानें ‘अप्रतिम’ म्हणून मोकळा होतो. कोणी आपल्या स्वतंत्र बुद्धीचें प्रदर्शन करण्यासाठीं नाक मुरडतो. आमच्या मतें दोघांचीही चूक एकच आहे. आपल्या मनांतील चित्र म्हणजेच त्या स्थळाचें खरें स्वरूप, असें दोघेही धरून चालतात. वस्तुतः त्या चित्राला स्वतःचा इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां मूळ वास्तूच्या इतिहासाहून फार अलीकडचा असतो. आग्र्याचा ताजमहाल हें याचें उत्तम उदाहरण होय.

ताजचें चित्र पूर्वीं न पाहतां जे त्याच्यापुढें जाऊन उभे राहिले, त्यांपैकीं फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याची साक्ष मोठी मनोरंजक आहे. 1663 च्या जुलै महिन्यांत दिल्लीहून लिहिलेल्या पत्रांत त्यानें ताजचें वर्णन केलें आहे. त्या वेळीं सर्व काम आटोपून वीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं. बर्निए मिसर देशांत राहून आलेला असल्यामुळें पिरामिड त्याच्या पाहण्यांतले होते. जगांतील आश्चर्यांत गणना व्हावयाची तर त्या बेढब राशींपेक्षां या इमारतीचा अधिकार अधिक, असा त्यानें निःशंक अभिप्राय दिला. परंतु हा निःशंकपणा त्याला सुखासुखीं लाभलेला नव्हता. हिंदुस्थानांत फार दिवस राहिल्यानें आपली अभिरुचि बिघडली तर नसेल ना, अशी त्याला धास्ती होती; म्हणून बरोबरच्या फ्रेंच व्यापाऱ्यापुढें तो आपलें मत बोलून दाखविण्यास धजेना. युरोपांत इतकें भव्य आपण कांहीं पाहिलें नाहीं, असें तो व्यापारीच आधीं म्हणाला, तेव्हां कोठें बर्निएचा जीव खालीं पडला. म्हणजे चित्र नव्हतें तरी मोजमाप होतेंच. तें युरोपांतून बांधून आणलेलें होतें.

चित्रांचें युग यानंतर सुरू झालें. टॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनीं 1801 सालीं ताजचीं दोन मोठीं रंगीत चित्रें लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं. 1850 नंतरच्या दशकांत आग्र्यास असलेल्या जॉन मरे या डॉक्टरानें छायाचित्रें घेतलीं. तेव्हांपासून आजपर्यंत हा घुमट पुस्तकांच्या वेष्टनांवर, डब्यांच्या झांकणांवर आणि दिवाणखान्यांतील भिंतींवर किती वेळां उतरला असेल, याची गणती नाहीं. यांतील बहुतेक चित्रें एकाच जागेवरून घेतलेलीं असतात : दरवाजांतून आंत शिरतां सरळ रेषेंत पाण्याचा पाट, दोहों बाजूंस सरूचीं झाडें व सपाट हिरवळ, आणि शेवटीं पाण्यांत प्रतिबिंबित झालेली शुभ्र कबर.

हा देखावा शहाजहानाच्या वेळचा, अशी सर्वांची समजूत असते. परंतु मोंगल बाग ही नुसती पाहण्याची हिरवळ नव्हती. तींत दाट वृक्षराजी असे आणि फळझाडेंही असत. एकोणिसाव्या शतकांतील चित्रांत ताजचा खालचा भाग झाडांच्या गर्दींत बुडालेला दिसतो. पानांआडून घुमट डोकावतो, आणि जवळ जावें तसतशी इमारत उलगडत जाते. 1899 ते 1905 या काळांत लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असतां त्यानें ताजच्या जीर्णोद्धाराचें काम मनापासून हातीं घेतलें. त्यांत मोडकळीस आलेले पाट व कारंजीं दुरुस्त झालीं, तशीच दाट झाडी जाऊन इंग्रजी धर्तीची मोकळी हिरवळ आली. कर्झनचे उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि जें चित्र आपण सनातन समजतों तें पुष्कळ अंशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मांडलेलें आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

याच मोकळ्या देखाव्यापुढें येऊन पुढें ऑल्डस हक्स्ले या इंग्रज ग्रंथकारानें नाक मुरडलें. 1926 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें मिनारांस कुरूप ठरविलें, आणि लोक भाळतात ते कलेवर नव्हे, तर साहित्याच्या महागपणावर, असा शेरा मारला. या मताशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु तीनशें वर्षांच्या स्तुतीचें ओझें डोक्यावर घेऊन आलेल्या चिकित्सक माणसाला तें फेंकून देण्याची इच्छा व्हावी, हें स्वाभाविक आहे. बर्निएला स्तुति करण्याची भीति वाटली. हक्स्लेच्या काळीं धाडस लागत होतें तें निंदेला.

मग मूळ योजना होती तरी कशी? त्या वेळचें आग्रा हें नदीकांठचें शहर होतें. यमुनेच्या दोन्ही तीरांवर अमीर-उमरावांच्या बागा ओळीनें वसल्या होत्या. बादशहा किल्ल्यांतून नावेनें निघे आणि नदीच्या बाजूनें ताजच्या चौथऱ्यावर चढे. पैलतीरावर, बरोबर समोर, महताब बाग आहे. शहाजहानानें तेथें स्वतःची कबर आरंभिली होती, असें ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानें लिहून ठेविलें, आणि त्यावरून काळ्या ताजची दंतकथा रूढ झाली. 1990 नंतर तेथें उत्खनन झालें, तेव्हां काळ्या ताजचा पाया निघाला नाहीं. निघाला तो एक विस्तीर्ण अष्टकोनी हौद, ज्यांत चांदण्या रात्रीं ताजचें प्रतिबिंब पडावें. हुमायूनची कबर बागेच्या मध्यावर आहे, मग ताजच तेवढा बागेच्या टोकाशीं कां, या कोड्याचाही उलगडा येथें होतो. पैलतीरची बाग जमेस धरली म्हणजे ताज टोकाशीं राहत नाहीं. दोन बागांच्या मधोमध नदी व कबर येतात. 1652 सालीं औरंगजेबानें बापाला लिहिलेल्या पत्रांत पावसाळ्यांत घुमट गळत असल्याची आणि महताब बाग पाण्याखालीं गेल्याची तक्रार आहे. ज्याला आपण अविनाशी स्वप्न म्हणतों, त्याच्या दुरुस्तीची चिंता बांधणाऱ्याच्या हयातींतच सुरू झाली होती! दक्षिणेस चार सरायांचा बाजार होता, तोच आजचा ताजगंज. त्याचें उत्पन्न व तीस गांवांचा वसूल कबरेच्या खर्चास लावून दिलेला होता.

चित्रांत न मावणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या खानदेशाशीं निगडित आहे. मुमताजमहल आग्र्यास वारली नाहीं. 17 जून 1631 रोजीं, चौदाव्या बाळंतपणांत, तापीकांठीं बऱ्हाणपूर येथें तिचा अंत झाला. पैलतीरावरील जैनाबादच्या बागेंत तिला प्रथम पुरलें, आणि सुमारें सहा महिन्यांनीं तिचा देह आग्र्याकडे नेण्यांत आला. नेमक्या याच वेळीं गुजराथ, खानदेश आणि दक्षिण यांत इतिहासांतील एक अतिशय भयंकर दुष्काळ पडला होता. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत. बऱ्हाणपुरांत दर सोमवारीं पांच हजार, याप्रमाणें वीस सोमवारांत एक लाख रुपये गरिबांस वांटले. खालसा मुलखांतील सुमारें सत्तर लाखांचा सारा सोडला. आणि कबरेस पन्नास लाख रुपये लागले. हे आंकडे वाचून कोणी ताजचा धिक्कार करावा, असें आमचें म्हणणें नाहीं. सारा सोडणारा आणि कबर बांधणारा बादशहा एकच होता. मात्र ज्या वर्षीं त्याचें घर उजाड झालें त्याच वर्षीं असंख्य घरें उजाड झालीं, आणि त्यांच्यावर दगड बसला नाहीं, हें जाणून पाहणारा मनुष्य ‘सुंदर कीं असुंदर’ एवढाच प्रश्न घेऊन परतणार नाहीं.

म्हणून ज्यांना मुलाबाळांसह आग्र्यास जावयाचें आहे, त्यांना आमची सूचना एवढीच कीं, चित्राची खातरजमा करण्यासाठीं जाऊं नये. तें चित्र घरीं आहेच. दरवाजांतून पाहून झाल्यावर ताजगंजच्या गल्ल्यांतून फिरावें, सायंकाळीं पैलतीरावर जाऊन नदीपलीकडून ताज पाहावा. आंत गेल्यावर मधल्या दालनांत क्षणभर थांबावें. तेथें छायाचित्र घेण्यास मनाई आहे, त्यामुळें तेथील दृश्य बहुतेकांनीं आधीं पाहिलेलें नसतें. सर्व इमारतींत डावें-उजवें तंतोतंत जुळतें. मुमताजचें स्मारक अगदीं मध्यबिंदूवर आहे. आणि त्याच्या पश्चिमेस, मेळ मोडून, शहाजहानाचें अधिक मोठें स्मारक बसविलेलें आहे. आठ वर्षें किल्ल्यांत कैदेंत काढून 1666 सालीं तो वारला, तेव्हां त्याला येथें आणलें. हा जिव्हाळ्याचा विसंवाद कोणत्याही झांकणावर छापलेला नसतो. तो तेथें जाऊनच पाहावा लागतो.