देहूरोडची मूर्ती आणि परदेशाची वाट

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. त्याच देहूरोडची मुले आज विचारतात, व्हिसा कसा मिळवायचा?

इतिहास पाहा. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात दहा वर्षे नोकरीचा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेऊन ते पुन्हा गेले. बुद्धी होतीच, अडले ते पैशावाचून.

ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आजही बँकेत सलग २८ दिवस ठेवलेली रक्कम मागतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना संपत्तीच नाकारली, त्यांनी ती आणायची कुठून? पूर्ण खर्चाच्या सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर ही अट भागते. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग व्हिसा.

पण २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारताचा इतिहास, संस्कृती, समाज हे विषय वगळले. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात जातीवरच निबंध वाचला होता. तोच विषय घेऊन आपली लेक अर्ज करील, तर तिला दार बंद! बांधवांनो, व्हिसाच्या रांगेआधी या अटीविरुद्ध उभे राहा.

जयभीम!