कोलासुर : नवेगावच्या तलावाची लोककथा आणि इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ख्यात आहे. या जलपरंपरेतील अग्रगण्य असा नवेगाव-बांध १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडतो. तत्पूर्वी तो भंडारा जिल्ह्यातच होता. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, अशी नोंद भंडारा जिल्ह्याच्या १९०८ च्या गॅझेटियरमध्ये आढळते.

लोकपरंपरेत मात्र कोलू पाटील हे निव्वळ ऐतिहासिक पुरुष राहिलेले नाहीत. ते कोलासुर या नावाने देवपदास पोहोचले असून पाळीलगतच्या शिखरावर त्यांचे ठाणे आहे. तलावास वेढणाऱ्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि या बहिणींच्या साहाय्यानेच पाळ सिद्धीस गेली, असे कथा सांगते. ही कथा अद्भुत म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु स्थलाचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे तिचे मर्म उलगडते. येथे पाणी अडविण्याचे बहुतेक कार्य डोंगरांनीच केले आहे. मनुष्याने केवळ त्यांमधील वाट मातीच्या पाळीने बंद केली. ती वाट नेमकी ओळखणे, यातच कोहळ्यांचे कौशल्य होते. कथा हेच कौशल्य दैवी साहाय्याच्या भाषेत सांगते.

आपले पूर्वज गोंड राजाने काशीहून आणले, अशी कोहळी समाजाची परंपरा आहे. तलाव बांधणारास त्याखालील जमिनीचा हक्क द्यावा, हे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण सर्वश्रुत आहे. धान व ऊस यांची शेती या पाण्यावर पोसली गेली.

पुढे इंग्रजी अमलात मालगुजारी पद्धती रूढ झाली आणि तलाव मालगुजारांच्या मालकीचे ठरले. १९५१ मध्ये ही मालकी संपुष्टात येऊन ते शासनाकडे गेले. तेव्हापासून असे जुने तलाव ‘माजी मालगुजारी’, संक्षेपाने ‘मामा’ तलाव या नावाने ओळखले जातात. येथे एक विसंगती दिसते. मालगुजारी ही नवेगावच्या तलावाहून शतकाहून अधिक काळाने अर्वाचीन आहे. म्हणजे दप्तरातील नाव मधल्या काळातील महसुली हक्काचे स्मरण ठेवते, तर लोककथा मूळ कर्त्याचे. या एका बाबतीत तरी दप्तरापेक्षा कथा अधिक जुनी साक्ष देते.

तथापि तिची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. कथेत पाटील देव झाला, डोंगर बहिणी झाले. पण पाळीवर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या असंख्य हातांना तिच्यात स्थान नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने कोलासुराची कथा जितक्या आदराने टिपावी, तितक्याच आस्थेने तिच्यातील हे मौनही टिपले पाहिजे.