गाण्याचे मोल आणि लहान रेडिओ केंद्रे

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी घरांना दूरच्या केंद्रावरून येणाऱ्या गाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रात्री रेडिओचा काटा हलक्या हाताने फिरवीत, खरखरीतून मुंबई किंवा पुणे केंद्र शोधणारी वडीलधारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट आले, तेव्हा ही खरखर आता संपेल आणि कोणत्याही गावचे गाणे कोणत्याही घरी स्वच्छ ऐकू येईल, अशी आशा वाटू लागली. त्या आशेचा पहिला मोठा कस अमेरिकेत लागला, आणि तो रॉयल्टीच्या, म्हणजे स्वामित्वधनाच्या प्रश्नावर लागला. त्याचा इतिहास आम्हांला आपल्यासारख्या विखुरलेल्या श्रोत्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वामित्वहक्क असतात. एक कवी व संगीतकार यांच्या रचनेचा, दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेतील रेडिओ केंद्रे पहिल्या हक्कापोटी पैसे देत आली. दुसऱ्या हक्काला तेथील केंद्रीय कायद्यात १९७२ पर्यंत स्थानच नव्हते, आणि ते मिळाल्यावरही प्रक्षेपणाचा मोबदला त्यात नव्हता. रेडिओवर गाणे वाजले की तबकड्या खपतात, तीच गायकाची आणि कंपनीची मिळकत, असा केंद्रचालकांचा युक्तिवाद होता व तो टिकला. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रक्षेपणापुरता हा मोबदला प्रथमच मान्य झाला. हवेतून चालणाऱ्या जुन्या केंद्रांची सूट मात्र कायम राहिली. पुढे १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने इंटरनेटवरील केंद्रे या व्यवस्थेत आणली. त्यांना प्रत्येक कंपनीच्या दारी परवानगीसाठी जावे लागणार नव्हते, पण ठरवून दिलेला दर भरावा लागणार होता. दर किती, हे तेव्हा ठरले नव्हते.

दरम्यान शेकडो हौशी माणसांनी घरच्या संगणकावरून केंद्रे सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोचे सोमा एफएम २००० साली असेच लहान प्रमाणावर उभे राहिले. जाहिरातदारांना ज्यांत रस नव्हता असे संगीतप्रकार अशा केंद्रांवर ऐकू येत. श्रोते थोडे, पण जगभर पसरलेले. उत्पन्न म्हणजे बहुधा श्रोत्यांनी दिलेली वर्गणी.

फेब्रुवारी २००२ मध्ये लवाद मंडळाने दर सुचविला. त्यासमोर रेकॉर्ड कंपन्यांनी केलेले २६ करार आले होते. त्यांतील याहू कंपनीशी झालेला एकच करार मंडळाने प्रमाण मानला. त्या करारातील मोजणी टक्केवारीने नव्हती, दर गाण्यामागे व दर श्रोत्यामागे होती. याहूने विकत घेतलेल्या ब्रॉडकास्ट डॉट कॉमचे एक संस्थापक मार्क क्यूबन यांनी त्याच वर्षी उघडपणे लिहिले की, लहान स्पर्धकांना टक्केवारीचा आसरा मिळू नये, असाही विचार या पद्धतीमागे होता. २० जून २००२ रोजी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख जेम्स बिलिंग्टन यांनी मंडळाचा ०.१४ सेंटचा दर निम्मा करून ०.०७ सेंट केला, परंतु मोजण्याची रीत तीच ठेवली. शिवाय आकारणी ऑक्टोबर १९९८ पासूनची, म्हणजे मागील थकबाकीसह होती.

०.०७ सेंट ऐकायला नगण्य वाटते. हिशेब करून पाहू. तासाला १५ गाणी, दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस, आणि कोणत्याही क्षणी सरासरी १०० श्रोते. वर्षाला १ कोटी ३१ लाख ४० हजार वेळा गाणे 'वाजले' असे धरले जाते, आणि देय रक्कम होते ९,१९८ डॉलर. श्रोते हजार झाले तर ९१,९८० डॉलर. हवेतून चालणाऱ्या केंद्राचे श्रोते वाढले की जाहिरातीचा दर वाढतो, खर्च तेवढाच राहतो. येथे प्रत्येक नवा श्रोता नवे देणे घेऊन येई. वर्गणीवर चालणाऱ्या केंद्राला लोकप्रियताच बुडवू लागली.

१ मे २००२ रोजी अनेक केंद्रांनी निषेध म्हणून एक दिवस मौन पाळले. जूनमध्ये सोमा एफएम बंद पडले. काँग्रेसपर्यंत हाक पोहोचली, आणि डिसेंबर २००२ मध्ये लहान केंद्रांसाठी तडजोडीचा कायदा झाला. त्यानुसार ती उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत देणे भागवू शकत होती. सोमा एफएम पुन्हा ऐकू येऊ लागले.

पण ही सवलत मुदतीची होती. मार्च २००७ मध्ये नव्या कॉपीराइट रॉयल्टी मंडळाने टक्केवारी नाकारली आणि दर २००६ साठी ०.०८ सेंटपासून २०१० साठी ०.१९ सेंटपर्यंत चढविला. आमच्या उदाहरणातील १०० श्रोत्यांच्या केंद्राचे देणे त्यामुळे २४,९६६ डॉलर झाले असते. त्याच वर्षाच्या अखेरीस याच मंडळाने उपग्रह रेडिओला उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपासून आकारणी ठरविली. एकच गाणे, परंतु हवेतून वाजले तर ध्वनिमुद्रणाचे काहीच द्यायचे नाही, उपग्रहावरून वाजले तर उत्पन्नाचा हिस्सा, आणि इंटरनेटवरून वाजले तर डोकी मोजून पैसे! २६ जून २००७ रोजी पुन्हा मौन पाळले गेले. २००८ व २००९ च्या कायद्यांनी वाटाघाटींना वाट मिळाली आणि टक्केवारी परतली, पण २०१५ अखेरपर्यंतच. ती संपताच हजारो लहान केंद्रांना एका छत्राखाली घेणारे, १९९९ पासून चालत आलेले लाइव्ह३६५ अडचणीत आले आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी बंद झाले. नव्या मालकाच्या हाती ते २०१७ मध्ये परतले, परंतु दरम्यान विखुरलेली सगळीच केंद्रे परत आली नाहीत.

या कथेत कलावंताला प्रतिपक्ष मानणे अन्यायाचे होईल. इंटरनेट केंद्रांकडून आलेल्या रकमेचा निम्मा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीदारांना अशी वाटणी तेथील कायद्यातच आहे. साथीदाराचा हिस्सा कायद्याने नोंदविणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे साठच्या दशकात इंदूरला जन्मलेल्या लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचे मत वेगळे पडले, आणि काही वर्षे हे दोन स्वर एकत्र आले नाहीत. गाणाऱ्याच्या घामाचे मोल मागण्यात गैर काय होते?

म्हणूनच आमच्या मते खरा वाद मापाचा आहे. भारतात २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट मंडळाने खासगी एफएम केंद्रांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के आकारणी ठरविली. कंपन्यांना ती फार अपुरी वाटली, आणि तोही आक्षेप ऐकण्याजोगा होता. तरीही ज्याची जेवढी मिळकत तेवढे त्याचे देणे, हे तत्त्व त्यात होते. धान्याचा खंड पिकाच्या हिश्शाने घेतला तर दुष्काळातही कूळ तगते. ठरावीक मण मागितले तर ते जमीन सोडून जाते, आणि मग मालकालाही काही मिळत नाही. बंद पडलेले केंद्र कोणत्याही गायकाला एक सेंटही देत नाही.

मोठ्या कंपन्या कोणत्याही दराने तरतात. पण थोड्यांच्या आवडीचे, विखुरलेल्यांच्या भाषेचे गाणे बहुधा लहान केंद्रच वाजविते. ते मुके झाले की ज्यांच्या कानी दुसरीकडून ते गाणे येणार नसते, त्यांच्या घरी शांतता पसरते. काटा फिरवीत आपले केंद्र शोधलेल्या आम्हां लोकांना त्या शांततेची ओळख आहे.